पावसाळ्यातली होडी: डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावरील शाकारणीचे शास्त्र

थंड देशांत होडी वर्षातून एकदा पाण्याबाहेर येते ती हिवाळ्यात. तिथे शत्रू बर्फ असतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि इंजिनाच्या नळ्या, पंप, फळ्यांच्या फटी फोडते. म्हणून तिकडे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढतात, न गोठणारे द्रव भरतात आणि होडीला प्लास्टिकचे घट्ट वेष्टन घालतात. आपल्याकडे डहाणूच्या खाडीत, धाकटी डहाणूला, चिंचणी-वरोरला, बोर्डीला किंवा तलासरी तालुक्याच्या वाट्याला आलेल्या झाईच्या किनाऱ्यावर होडी बाहेर येते ती जूनच्या तोंडावर. इथला शत्रू पाऊस आहे, आणि पावसाच्या जोडीला ऊब. हा फरक नीट ध्यानात घेतला नाही, तर होडी झाकण्यासाठी केलेली सगळी मेहनत होडी कुजवण्याच्या कामी येऊ शकते. गेल्या काही दशकांत झावळ्यांच्या झापांची जागा प्लास्टिकच्या ताडपत्रीने घेतल्यापासून हे अनेक होड्यांच्या बाबतीत घडते आहे, असे माझे मत आहे. ते कशावरून, हे या लेखात तपासायचे आहे.

काळाची चौकट

राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. तिचा आधार महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा आहे. पूर्वी ही बंदी १० जूनला सुरू होऊन नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तोवर चाले. मासळीच्या प्रजननाचा काळ म्हणून ही बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कायदा नसता तरी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने उठणाऱ्या लाटांत या लहान-मध्यम होड्यांना समुद्रात जागा नव्हतीच. कायद्याने एका जुन्या विश्रांतीला तारीख दिली, एवढेच.

अडचण त्या तारखेचीच आहे. समुद्र इंग्रजी महिन्याने चालत नाही. होडी किनाऱ्यावर उंच चढवायची तर उधाणाची भरती लागते, आणि उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत येते. डहाणूच्या किनाऱ्याला उधाणात भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरच्या घरात जातो. भांगाच्या, म्हणजे दोन उधाणांच्या मधल्या, दिवसांत भरतीची पातळीच खाली राहते. हा किनारा फार सपाट आहे. पन्नासला एक असा उतार धरला, तर पाण्याच्या उंचीत एक मीटरची घट म्हणजे किनाऱ्यावर पन्नास मीटर अंतर. तेवढे अंतर होडी मग कोरड्या वाळूवरून ओढावी लागते.

२०२४ साली पौर्णिमा २३ मेला आणि अमावास्या ६ जूनला होती. बंदीचा आदला दिवस, ३१ मे, नेमका भांगात पडला. त्या वर्षी ज्याला होडी उंच चढवायची होती त्याला हंगामाचे शेवटचे पाच-सहा दिवस सोडून २४-२५ मेच्या भरतीला काम उरकावे लागणार होते, नाहीतर ६-७ जूनपर्यंत होडी खाडीत ठेवून पहिल्या वादळी पावसाचा धोका पत्करावा लागणार होता. २०२५ साली अमावास्या २७ मेला आली आणि उधाण व बंदी यांचा मेळ बराच जमला. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, पंचांग पाहतो ते यासाठी. मत्स्यव्यवसाय खात्याने बंदीच्या सूचनेबरोबरच तिच्या आधीचे आणि नंतरचे उधाणाचे दिवस छापले, तर एका पैशाचा खर्च न वाढता फार मोठी सोय होईल.

दुसरे बंधन माणसांचे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांतले अनेक वारली, धोडी, दुबळा तरुण खलाशी म्हणून काम करतात. काही इथल्या बोटींवर, पुष्कळ जण गुजरातेत वेरावळ-पोरबंदर-ओखा भागात. पाऊस लागला की त्यांना घरच्या भाताच्या पेरणीला आणि पुढे आवणीला परतायचे असते. म्हणजे होडी ओढणे, धिरे म्हणजे बाजूचे टेकू लावणे, सांगाडा बांधणे, झाकणे ही सगळी कामे मेच्या शेवटच्या आठवड्यात दाटतात. ज्या हातांना घर शाकारण्याची, बांबू चिरून बांधण्याची सवय आहे तेच हात होडीवर लागतात, ही या भागाची जमेची बाजू आहे.

आणि वादळांचा भरवसा नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकले, पण त्याआधी हवामान खात्याने दिलेल्या अंदाजात हरिहरेश्वर ते दमण हा सगळा पट्टा होता, म्हणजे डहाणूही. तौक्ते १७ मे २०२१ रोजी या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेले, बंदी सुरू व्हायला दोन आठवडे असताना. सांगाड्याचे बांबू, दोर आणि ताडपत्री मेच्या पहिल्या पंधरवड्यातच घरात आणून ठेवावेत, हा यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष.

लाकूड, पाणी आणि हवा

आता मूळ मुद्द्याकडे. होडीचे लाकूड कुजते ते बुरशीमुळे. या बुरशीला चार गोष्टी लागतात: अन्न म्हणजे लाकूड, हवा, ऊब आणि पुरेसा ओलावा. यांतल्या पहिल्या तीन आपल्या हातात नाहीत. पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस हे तापमान तिला सर्वांत मानवते, आणि डहाणूच्या जुलैचे तापमान जवळपास तेच असते. थंड देशात हिवाळ्यात पारा पाच अंशांखाली गेला की बुरशी जवळजवळ झोपी जाते. तिथे घट्ट वेष्टनाखाली ओल कोंडली तरी वसंत ऋतूपर्यंत फारसे बिघडत नाही. आपल्याकडे ती मुभा नाही. म्हणून उरतो तो चौथा घटक, ओलावा. सगळी शाकारणी त्याच्याशीच झुंजते.

लाकूड आजूबाजूच्या हवेतल्या दमटपणाशी जुळवून घेत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्क्यांवर स्थिरावतो. ८५ टक्क्यांना १८, ९० टक्क्यांना सुमारे २० आणि ९५ टक्क्यांना २३-२४ टक्क्यांवर. हवा पूर्ण दमट झाली की लाकडाच्या पेशींच्या भिंती २८ ते ३० टक्क्यांना भरून जातात. कुजीची बुरशी जोमाने वाढण्यासाठी तिला या भरलेल्या अवस्थेच्या जवळपासचा ओलावा लागतो. वीस टक्क्यांच्या खाली ठेवलेले लाकूड व्यवहारात सुरक्षित मानतात.

हे आकडे डहाणूच्या पावसाळ्यावर ठेवून पाहावेत. जुलैत किनाऱ्यावरची हवा ८० ते ९० टक्के दमट असते. म्हणजे नुसत्या छताखाली, चारी बाजूंनी वारा लागणाऱ्या जागी ठेवलेले लाकूड १६ ते २० टक्क्यांत राहील. सुरक्षिततेच्या रेषेला टेकलेले, पण आतल्या बाजूला. हीच होडी चहूबाजूंनी ताडपत्रीत गुंडाळली, की तळात उरलेले पाणी, ओल्या फळ्या, दोऱ्या आणि जाळी यांची वाफ आतच फिरत राहते. रात्री ताडपत्री गार पडते, तिच्या आतल्या अंगावर दव जमते आणि पुन्हा लाकडावर ठिबकते. आतली हवा शंभर टक्क्यांना पोचते आणि लाकूड त्या वीसच्या रेषेवरून चढत तिसाकडे जाते. वाऱ्याचा मार्ग बंद करणे एवढ्या एका चुकीने दोन महिन्यांत लाकूड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलले जाते. पावसाचा एकही थेंब आत गेलेला नसला तरीही.

झापांनी शाकारलेल्या होडीत हे घडत नसे. विणलेल्या झावळ्यांचा जाड थर उतारावरून पाणी खाली नेतो, पण पानापानांतून हवा जाऊ देतो. त्याच्या आतल्या अंगाला दव धरत नाही, कारण पान पाणी शोषते आणि हळूहळू सोडते. झाप दर वर्षी नवे लागतात, विणायला माणसे लागतात, जोराच्या वाऱ्यात उडतात, त्यांत उंदीर आणि साप राहतात. ते मागे पडले यात कुणाचा दोष काढता येत नाही. पण झाप गेले तेव्हा त्यांनी न सांगता केलेले एक कामही गेले, आणि ताडपत्री बांधताना ते काम आपल्याला मुद्दाम करावे लागते.

गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा भेद इथेच सांगायला हवा. मीठ कुजीच्या बुरशीला रोखते. वर्षभर समुद्राच्या पाण्यात बसलेली तळाची फळी सहसा कुजत नाही. तिला धोका असतो तो लाकूड पोखरणाऱ्या टेरेडोचा. हा दिसायला किडा, पण जातीने शिंपलाच. कुज धरते ती वरच्या भागात: डेकच्या सांध्यांत, काठाखाली, जिथे पावसाचे गोडे पाणी शिरून अडकते. लाकडी जहाजे बांधताना फळ्यांच्या पोकळीत मीठ भरण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत होती ती याच कारणाने. म्हणून होडी वर घेतल्यावर लाकडी पोट आतून धुवायचे तर शेवटचा हात समुद्राच्या पाण्याचा असावा आणि मग ते वाळू द्यावे. इंजिनाचे उलट. लाकडाला खारे, इंजिनाला गोडे.

पाण्याबाहेर राहण्याने टेरेडोचा निकालही लागतो. तो लाकडात असला तरी श्वासासाठी त्याला समुद्राचे पाणी लागते. काही आठवडे होडी कोरडी राहिली की तो मरतो. पावसाळ्याची ही विश्रांती लाकडी होडीला लाभलेला औषधोपचारच आहे, आणि खाडीच्या चिखलात दोन महिने तशीच सोडलेली होडी त्याला मुकते.

कोरडेपणाचीही एक मर्यादा आहे. सागवान पूर्ण ओले असल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत रुंदीत सुमारे ५.८ टक्के आकसते. अनेक लाकडांपेक्षा हे कमी आहे, म्हणूनच ते होडीला उत्तम. तरीही वीस सेंटिमीटर रुंदीची, पाण्याने भरलेली फळी १८ टक्क्यांपर्यंत वाळली तर जवळपास चार मिलिमीटर आकसू शकते, आणि सांध्यांत गळती रोखायला भरलेला कापूस सैल पडतो. मेच्या उन्हात होडी उघडी पडून राहिली तर हे आकसणे आणखी वाढते. पावसाळ्यातली दमट हवा मात्र फळीला फार वाळू देत नाही. म्हणजे होडी वर घेतल्यापासून शाकारेपर्यंतचे कोरडे, उन्हाचे दिवस जितके कमी तितके बरे, आणि त्या दिवसांतही निदान सावली तरी हवी.

छप्पर कसे असावे

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद होडीचा वरून दिसणारा पसारा, टोकांची निमुळती जागा वजा करता, बावीस चौरस मीटर धरू. शंभर मिलिमीटरच्या एका दिवसात, आणि असे दिवस या किनाऱ्याला नवे नाहीत, तिच्यावर २,२०० लिटर पाणी पडते. सव्वादोन टन. झाकण मध्ये खोलगट राहिले आणि त्यातले निम्मे जरी साठले, तरी बांबू मोडायला ते पुरेसे आहे. म्हणून सपाट झाकण हा विचार पहिल्यांदा सोडून द्यायचा. होडीच्या लांबीने मध्यावर आडवा वासा, दोन्ही बाजूंना उतार, आणि ताडपत्रीचा उतार तीस अंशांहून कमी नको. झापांना तर पंचेचाळीसच हवा, नाहीतर पाणी पानांतून झिरपते.

यापुढचा प्रश्न अवघड आहे: वारा आत यायला फट हवी, आणि त्याच वाऱ्याबरोबर पाऊस येतो. मध्यम आकाराचा थेंब सेकंदाला सुमारे सात मीटर वेगाने पडतो. वारा बारा मीटरचा असला, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर, तर थेंब उभा न पडता साठ अंशांनी तिरपा येतो. काठ आणि झाकण यांत तीस सेंटिमीटर मोकळी जागा असेल, तर पाऊस त्यातून आत अर्धा मीटर शिरेल. याचे उत्तर आपल्या जुन्या घरांच्या वळचणीत आहे. छपराची कड होडीच्या काठाच्या बाहेर काढायची आणि काठाच्या पातळीच्या खाली वीतभर उतरवायची, पण होडीच्या अंगाला चिकटू द्यायची नाही. मध्ये हातभर अंतर ठेवायचे. पाऊस तिरपा आला तरी छपरावरच अडतो, आणि हवा खालून त्या अंतरातून वर चढते. वर आढ्यापाशी, दोन्ही टोकांना, ती बाहेर पडायला जागा ठेवायची. ताडपत्री थेट काठावर ताणून खिळे ठोकण्याची किंवा तिने होडीला पोटाखालून आवळण्याची जी सोपी रीत पडली आहे, ती कितीही नीटस दिसली तरी चुकीची आहे. खिळ्याचे प्रत्येक भोक गोड्या पाण्याला लाकडात जाण्याचे दार असते, हा तिचा दुसरा दोष.

होडीचे तोंड शक्यतो नैर्ऋत्येकडे करावे. वाऱ्याला मग छपराची लांब बाजू न मिळता टोक मिळते, आणि वारा होडीच्या लांबीने आतून वाहतो. त्या टोकाला मात्र पाऊस घुसतो, म्हणून तिथे झापांचा एक पडदा सोडावा. ताडपत्रीचे छप्पर आणि टोकांना झाप, हा संकर मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. खर्च थोडा, वारा चालू, आणि झापही थोडेच लागतात.

वाऱ्याच्या जोराचा अंदाज बहुधा कमीच बांधला जातो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५४ किलोमीटर वाऱ्याला दर चौरस मीटरवर सुमारे १४ किलो भार येतो. ताशी ९० किलोमीटरला तो ३९ किलो होतो. चाळीस चौरस मीटर ताडपत्रीवर म्हणजे पहिल्या वाऱ्यात साडेपाचशे किलो, दुसऱ्यात दीड टनाहून जास्त. हा भार छपराला वर उचलतो. म्हणून दोर कुठे बांधतो याला जीवनमरणाचे महत्त्व आहे. होडीला बाजूंनी दिलेल्या धिऱ्यांना झाकणाचे दोर कधीही बांधू नयेत. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की धिरा हळूहळू सरकतो, आणि तो निघाला की होडी कुशीवर पडते. दोर होडीच्या स्वतःच्या अंगाला तरी बांधावेत, नाहीतर वाळूने भरलेल्या गोण्यांना टांगावेत. गोणीचा फायदा असा की नायलॉनचा दोर ओला होऊन ताणला, तरी गोणी आपल्या वजनाने त्याला खाली ओढून ठेवते. दोर जिथे काठावर घासतो तिथे जुन्या टायरच्या नळीचा तुकडा घालावा.

टेकण

होडी पाण्यात असते तेव्हा तिला सगळीकडून सारखा आधार असतो. जमिनीवर तो चार-पाच ठिकाणीच मिळतो. सगळे वजन खालच्या कण्यावर, म्हणजे पठाणावर, घ्यायचे. बाजूचे धिरे फक्त तोल सांभाळतात. पठाणाखाली टेकू कमी पडले किंवा नुसते मध्ये दिले, तर दोन्ही टोके झुकतात आणि होडीची पाठ वर येते. हे वाकणे कायमचे असते. नंतर सांधे कितीही भरले तरी गळती थांबत नाही, आणि इंजिनाच्या शाफ्टची सरळ रेषाही बिघडते. टोकांखाली टेकू विसरू नये, ही साधी गोष्ट आहे, पण घाईत तीच राहते.

तोंडाची बाजू वर ठेवायची, दहा मीटरच्या होडीला चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर, आणि मागच्या बाजूचे बूच काढून ठेवायचे. झाकण फाटले तरी पाणी मग आपोआप वाहून जाते. काढलेले बूच दोरीने सुकाणूला किंवा इंजिनाच्या चावीला बांधून ठेवावे, म्हणजे ऑगस्टमध्ये ते लावल्याशिवाय होडी पाण्यात जाणार नाही.

वाळूत रोवलेला नुसता वासा पावसात खचतो. त्याखाली एक फूट रुंद, दोन फूट लांब फळी किंवा दगड दिला, तर तेच वजन जवळपास दहापट जागेवर पसरते. छपराच्या पागोळ्या धिऱ्यांच्या बुंध्याशी पडून वाळू पोखरणार नाहीत, म्हणून होडीभोवती चर खणून पाणी उताराकडे काढावे. घराच्या अंगणात, मातीवर होडी ठेवली तर वाळवीचा विचार अधिक करावा लागतो: लाकडाचा टेकू थेट मातीला लागू न देता खाली दगड किंवा सिमेंटचा ठोकळा घालायचा, आणि दर आठवड्याला त्यावर मातीची नळी चढली आहे का ते पाहायचे. होडीला मासळीच्या तेलाचा हात देण्याची जुनी चाल इथे उपयोगी आहे, पण तेल कोरड्या लाकडालाच द्यावे. ओल्या लाकडावर दिलेले तेल ओल आत कोंडते.

फायबर आणि फायबरचे अस्तर

फायबरची होडी कुजत नाही, एवढ्यावर तिला पावसाळ्यात उघडी टाकून देणे बरोबर नाही. तिच्या वरच्या चकचकीत थराला ऊन खाते, आणि डेकखाली कडकपणासाठी घातलेले प्लायवूड मात्र नेहमीप्रमाणे कुजते. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत गेले की बाहेरून काहीच दिसत नाही. डेकवर पाय ठेवल्यावर ते दबते तेव्हा कळते.

खरी काळजी लाकडी होडीला बाहेरून फायबरचे अस्तर लावतात तिथे आहे. गळती थांबावी, टेरेडो लागू नये म्हणून ही पद्धत आली आणि दोन्ही कामे ती करते. पण अशी फळी बाहेरून श्वास घेऊ शकत नाही. तिचा सगळा ओलावा आतल्या बाजूनेच निघायचा असतो. अशा होडीत शाकारणीच्या वेळी आतल्या तळफळ्या उचलून ठेवणे, बर्फाच्या कप्प्याची झाकणे उघडी ठेवणे आणि आतून वारा खेळवणे हे साध्या लाकडी होडीपेक्षा दुप्पट गरजेचे आहे. ओल्या होडीवर नवे अस्तर चढवू नये. पावसाळ्यात तर नाहीच. ते काम फेब्रुवारी-मार्चमधल्या कोरड्या हवेत करावे, मग त्यासाठी हंगामातले आठ दिवस गेले तरी चालतील.

इंजिनाबद्दल थोडक्यात. थंडाव्यासाठी जिथून समुद्राचे पाणी फिरते त्या मार्गातून गोडे पाणी फिरवून मग तो रिकामा करावा. वापरलेल्या तेलात आम्ले जमलेली असतात, म्हणून तेल बंदीनंतर बदलण्याऐवजी बंदीपूर्वीच बदलावे. डिझेलची टाकी अर्धी ठेवली तर वरच्या हवेतली वाफ रात्री आत दव होऊन पाणी साचते. ती भरून ठेवावी किंवा पूर्ण रिकामी करावी. बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करावी. १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. जाळी गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, जमिनीपासून उंच टांगावी. ओली जाळी होडीत टाकून वर झाकण घातले, की छपराखालचा सगळा दमटपणा तिथूनच सुरू होतो.

जागा

वरचे सगळे विवेचन एक गोष्ट गृहीत धरते: होडी ठेवायला उधाणाच्या रेषेच्या वर, वारा लागणारी, दहा मीटर लांब आणि सभोवती माणूस फिरेल एवढी जागा आहे. ही जागा क्वचितच एकाच्या मालकीची असते. वाळूचा पट्टा, सुरूच्या बागेची कड, खाडीकाठचा उंचवटा ही पिढ्यान् पिढ्या सगळ्या गावाने वापरलेली जागा आहे. मासळी वाळत घालायचे, जाळी पसरायचे आणि होड्या शाकारायचे ठिकाण एकच, फक्त महिने वेगळे. पावसाळ्याबाहेर ती रिकामी दिसते, आणि रिकामी दिसते म्हणून तिच्यावर डोळा जातो.

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने तर मच्छीमार समाजाच्या सामाईक मालमत्ता, मासळी वाळवण्याच्या जागा नकाशांत दाखवण्यास सांगितले. होड्या शाकारण्याच्या जागा त्याच अर्थाने, गावागावांतून मोजून, नावानिशी या नकाशांवर यायला हव्यात, आणि ती मोजणी जूनमध्ये व्हायला हवी, कारण तेव्हाच जागेचा खरा वापर डोळ्यांना दिसतो. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने याच किनाऱ्यावरच्या ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला भूमिपूजनही झाले. त्यावर मच्छीमारांचा विरोध मासेमारीच्या क्षेत्रावरून आहे आणि तो योग्यच आहे. पण नुकसानीच्या हिशेबात पावसाळ्यातल्या या जागेचा वेगळा रकाना असावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे. समुद्रात मासळी आहे आणि होडी ठेवायला जागा नाही, अशा गावाची मासेमारी दोन-तीन पावसाळ्यांत संपते. खाडीच्या गाळात उभी राहिलेली होडी तेवढीच टिकते.

पुन्हा पाण्यात

बंदी उठते १ ऑगस्टला, पण तारीख आणि भरती यांचा मेळ इथेही पाहावा लागतो. २०२५ साली १ ऑगस्ट भांगात आला. उंचावरची होडी त्या दिवशी पाण्याला लागणे शक्य नव्हते. २५-२६ जुलैच्या उधाणाला ती खाडीत उतरवून ठेवायची, नाहीतर नारळी पौर्णिमेपर्यंत, ८-९ ऑगस्टपर्यंत थांबायचे, हेच दोन मार्ग होते.

झाकण एकदम काढू नये. आधी दोन-तीन दिवस बाजू उघडून टाकाव्यात, मग उघडिपीचा दिवस पाहून छप्पर उतरवावे. काठाखाली, डेकच्या सांध्यांत, वाकांच्या, म्हणजे आतल्या बरगड्यांच्या, मुळाशी बोथट खिळ्याने टोचून पाहावे. निरोगी सागवानात खिळा टेकतो, कुजलेल्यात सहज आत जातो. वरून रंग शाबूत असतानाही आत कुज असते, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. सुटलेल्या सांध्यांत नवा कापूस भरून वर राळेचा लेप द्यावा, पण तो ठासून गच्च भरू नये. पाण्यात गेल्यावर फळी फुगते आणि गच्च भरलेला कापूस फळ्यांनाच एकमेकींपासून ढकलतो.

पाण्यात उतरवल्यावर पहिल्या एक-दोन भरत्यांना होडी थोडी झिरपते. फळ्या पाणी पिऊन मिटतात तोवर तिला किनाऱ्यालगत, पंप चालू ठेवून, माणसाच्या नजरेखाली ठेवायचे. दोन दिवसांनंतरही पाणी तेवढेच येत असेल तर सांधा शोधावाच लागतो; ओहोटीला होडी टेकली की आत भरलेले पाणी बाहेर कुठून ठिबकते ते पाहिले, म्हणजे ती जागा सापडते.